बोटीची दुसरी बॅटरी

रविवार, ४ ऑगस्ट

काल अब्रूचं खोबरं झालं. लाझरस बेटापाशी नांगर टाकून तीन तास मजेत काढले, निघायला किल्ली फिरवली, तर इंजिन ढिम्म. पुन्हा फिरवली. पुन्हा ढिम्म. मग कळलं, बॅटरी झोपली आहे.

अठरा फुटी बोट, आणि तिच्या पोटात बॅटरी एकच. इंजिन तिच्यावर, फ्रीज तिच्यावर, गाणी तिच्यावर, वायरलेस तिच्यावर. आणि मी कोण? चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत अठरा वर्षं फक्त हेच बघणारा माणूस, की एक यंत्रणा पडली तर दुसरी उभी राहते की नाही! आमच्या इमारतीत जनरेटर दोन, लाइनी दोन, डेटा दोन देशांत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शेवटी मरिनातून, म्हणजे आम्ही बोटी बांधून ठेवतो त्या धक्क्यावरून, अंकल बून त्यांची कामाची होडी घेऊन आले आणि आम्हाला दोरीने ओढत नेलं. सत्तरीचा काटकुळा माणूस, डोक्यावर कानापर्यंत ओढलेली टोपी. मरिनातल्या निम्म्या बोटींची वायरिंग यांच्या हातची. एका शब्दाने टोमणा मारला नाही. मी तिथेच मनात त्यांना हात जोडले.

माझी बायको ऋता मात्र चाळीस मिनिटं माझ्याकडे पाठ करून बसली होती. धक्क्यावर उतरली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "सुबोध, या बोटीत मी परत पाय ठेवणार नाही." तिचं म्हणणं, निघायच्या आधी अर्धा तास तो नकाशाचा पडदा टीं टीं करत होता, तिने मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी "हो, हो" म्हणालो. असेल बुवा. मला काही आठवत नाही. कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?

अडचण अशी की २३ नोव्हेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. वर्षभर मनात घोळतंय: हॉटेल नको, पार्टी नको, ऋता, आमची लेक गार्गी आणि मी, आपल्या बोटीने लाझरसला जायचं, सावलीत बसून श्रीखंडपुरी खायची. आणि आता जिच्यासाठी हे सगळं, तीच येत नाही म्हणते.

ऑफिसात बिघाड झाला की आम्ही एक कागद भरतो. तोच इथे भरतो. मूळ कारण: बॅटरी. उपाय: दुसरी बॅटरी. मुदत: २३ नोव्हेंबर.

मंगळवार, ६ ऑगस्ट

एक्सेल झाली. एकवीस बॅटऱ्या, चौदा रकाने. माझा कल लिथियमकडे, दोनशे अँपिअर-तासांची. हलकी, तळापर्यंत वापरता येते, दहा वर्षं बघायला नको.

ऋता मागून आली, माझ्या दंडावर हात ठेवला, मी वळल्यावर म्हणाली, "रणगाडा चालवायचाय का?"

हल्ली ती असं करते. काही बोलायच्या आधी दंडावर हात ठेवते. नोव्हेनाच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे गुडघे आणि पाठी वळवून येते, फिजिओथेरपिस्ट बाई, हात भरून आलेले असतात, तरी घरी आली की हा हात. माझ्या वयाच्या मित्रांच्या बायका त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मी भाग्यवान आहे, यात शंका नाही.

शनिवार, १० ऑगस्ट

अंकल बूनना एक्सेल दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, पहिलं पान बघितलं, लॅपटॉप हळूच मिटला आणि शेवटी इथला नेहमीचा 'लाह' जोडून म्हणाले, "व्हेरी नाइस. नाऊ वी मेजर, लाह."

मग बोटीतली एकेक वस्तू सुरू करायला लावली आणि तारेला चिमटा लावून आकडे पाटीवर खडूने लिहिले. फ्रीज किती खातो, दिवे किती, गाणी किती, बुडातलं पाणी उपसणारा पंप किती. मी कंपन्यांच्या पत्रकांवरून जे काढलं होतं त्याच्या निम्मं निघालं. मी उंटावरून शेळ्या हाकत होतो, दुसरं काय!

त्यांनी विचारलं, समुद्रात किती तास असतोस? मी म्हटलं, सहा. "सो बिग फॉर व्हॉट?" आमच्या इंजिनाचं चार्जिंग त्या लिथियमला झेपणार नाही, वेगळी यंत्रं लावावी लागतील, आणि जितकी यंत्रं जास्त तितक्या बिघडायच्या जागा जास्त. नाकापेक्षा मोती जड. त्यांचा सल्ला: शंभरची बंदिस्त, पाणी न घालावी लागणारी साधी बॅटरी, फ्रीज-गाणी-दिवे सगळं तिच्यावर. आणि जुनीच्या जागी येणारी नवी छोटी बॅटरी फक्त इंजिन सुरू करायला. तिला दुसरं कुणी हात लावायचा नाही. मोठी खाली गेली की भोंगा वाजेल. भोंगा वाजला की गाणी बंद, घरी चला.

त्यांचं एक वाक्य मला भिंतीवर लावावंसं वाटतं. म्हणाले, परत आणणारी बॅटरी मजा करणाऱ्या बॅटरीबरोबर एका ताटात जेवायला बसवू नये. बँकेत आम्ही हेच साठ पानांत लिहितो.

आणखी एक गोष्ट. हा माणूस बोलताना कायम समोर उभा राहतो, गॉगल काढतो, सावकाश बोलतो. पाठ करून बोलत नाही. अशी अदब आता कुठे राहिली आहे?

सोमवार, १९ ऑगस्ट

ऑफिसात नवी पोरं भयंकर पुटपुटतात. कॉलवर तर काही विचारू नका, सगळे तोंडात सुपारी धरल्यासारखे. मी आज नियमच केला: जे काय असेल ते चॅटवर लिहायचं, तोंडी काही चालणार नाही. शिस्त म्हणून सगळ्यांनी मान्य केलं.

एमआरटीतल्या, म्हणजे मेट्रोतल्या, सूचनाही बिघडल्या आहेत. आज स्टेशन चुकलं.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती बसले. मूर्ती शाडूची, पुण्याहून ऋताच्या भावाने पाठवलेली, सोंडेचं टोकसुद्धा न दुखावता पोचली.

सकाळी एक गोंधळ. ऋता अंघोळीला, गार्गी खाली फुलं आणायला गेलेली, आणि आमचे मित्र दिलीप-साधना दारात दहा मिनिटं उभे. बेल वाजवून वाजवून थकले म्हणे. गार्गी लिफ्टमधून आली तेव्हा आत आले. मी दिवाणखान्यातच तर होतो, आरास करत! बेलची बॅटरी गेली असणार. लगेच बदलली. गार्गी म्हणाली, "बाबा, द बेल इज फाइन, लाह." मी म्हटलं, आपण नाही का बोटीवर शिकलो, अंदाजाने ठेवू नये, बदलून मोकळं व्हावं. ती आईकडे बघत राहिली.

दुपारी सगळे गेल्यावर ऋता समोर बसली. "सुबोध, पार बाविसाव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनीसुद्धा बेल ऐकली असेल. तू कान तपासून घे. कानाचा दवाखाना आमच्या दवाखान्यापासून दोन इमारती पलीकडे आहे, मी शनिवारची वेळ घेते."

मी म्हटलं, घे बाई. सणाच्या दिवशी वाद कशाला? पण माझे कान ठणठणीत आहेत. लोक नीट बोलत नाहीत, त्याला मी काय करू?

गुरुवार, १२ सप्टेंबर

बॅटऱ्या बसल्या! अंकल बूनचं काम बघत नुसतं उभं राहावं. तारा अशा सरळ बांधल्यात की ऋताच्या आईच्या डब्यातल्या कुरडयाही इतक्या नेटक्या नसतात. प्रत्येक तारेला चिठ्ठी. बॅटऱ्यांना पट्टे, हलल्या तर शपथ. एक स्क्रू वाकडा बसला तर काढून नवा लावला, जो उभ्या जन्मात कुणाला दिसणार नाही. मी विचारलं, तुम्हाला हे कोणी शिकवलं? म्हणाले, जहाजं. चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये होते.

शनिवारची कानवाल्याची वेळ रद्द केली. त्याच दिवशी बोटीवर ड्रिल, म्हणजे बिघाडाची रंगीत तालीम, घ्यायची आहे.

शनिवार, १४ सप्टेंबर

पहिली ड्रिल. बोट धक्क्यालाच बांधलेली, मी एकटा, सकाळी नऊपासून. मोठ्या बॅटरीवर सगळं सोडलं: फ्रीज, दिवे, पंप, गाणी. ती खाली जाईल, भोंगा वाजेल, मग राखीव बॅटरीवर इंजिन सुरू.

दोन वाजता आकडा खाली गेला. भोंगा नाही! तीन वाजेपर्यंत वाट पाहिली. नाहीच. इंजिन मात्र राखीव बॅटरीवर एका फटक्यात सुरू झालं, त्यात शंभर मार्क.

शेजारच्या बोटीवरचा एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ मधूनमधून हात हलवत होता. मीही हलवला. पुढे पुढे त्याने दोन्ही हात हलवले, मग मीही दोन्ही हलवले. शेवटी तो उठून कुठेतरी निघून गेला. मरिनातले लोक तसे मनमिळाऊ आहेत.

भोंगा: नापास.

शनिवार, २८ सप्टेंबर

दुसरी ड्रिल, अंकल बूनच्या हजेरीत. आकडा खाली गेला. मी भोंग्याकडे बोट दाखवून म्हटलं, "बघा! वाजतोय का?"

त्यांनी भोंग्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत राहिले, चांगलं अर्धं मिनिट. मग म्हणाले, "ओके. आय टेक बॅक."

वाद नाही, कारणं नाहीत, 'तुमच्या वापरण्यात चूक आहे' नाही. भोंगा खोलला, खिशात टाकला, चालू लागले. याला म्हणतात सेवा. मी ऑफिसात सगळ्यांना ही गोष्ट सांगणार आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

तिसरी ड्रिल. पास, पास, पास!

अंकल बूननी नवा भोंगा आणला आणि त्याच्याशेजारी, सुकाणूच्या बरोबर समोर, लिंबाएवढा लाल दिवा बसवला. माझ्या डोळ्यांसमोर. मी मागितला नव्हता, विचारलंही नव्हतं. आकडा खाली गेला आणि दिवा असा भडक पेटला की मी टाळ्याच वाजवल्या. म्हटलं, आता भोंगाही वाजत असेल. ते म्हणाले, "रिंगिंग." बारीक आहे आवाज, पण दिवा असल्यावर काय?

दुसरी आनंदाची गोष्ट म्हणजे ऋता धक्क्यावर आली होती, डबा घेऊन. बोटीत पाय ठेवला नाही, पण काठाशी उभी राहून अंकल बूनशी बराच वेळ बोलत होती. माझी पाठ होती, मी तारा बघत होतो. वळून बघतो तर अंकल तिला धक्क्यावरूनच सुकाणूपाशी लटकणारी लाल दोरी दाखवतायत. ही दोरी खेचली की इंजिन जागच्या जागी बंद पडतं. चालवणारा पाण्यात पडला तर म्हणून असते. त्यांनी ऋताला हात लांबवून ती दोनदा खेचायला लावली. तिसऱ्यांदा तिने स्वतःच खेचली.

बाईसाहेबांना बोटीत रस निर्माण झाला! मी मुद्दाम काही बोललो नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं व्हायला नको.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

दिवाळी. फराळ झाल्यावर ऋता म्हणाली, "तेवीसला येते मी."

मी उडीच मारली. पण एक अट. म्हणाली, "मी मागे सावलीत बसणार नाही. सुकाणूपाशी तुझ्या शेजारी बसणार. जाताना, येताना, सगळा वेळ."

ही काय अट झाली? पंचवीस वर्षांनी बायको म्हणते, शेजारी बसू दे! मला भरून आलं. गार्गीसमोर दाखवलं नाही.

सगळं त्या दुसऱ्या बॅटरीने केलं. माणसाचा विश्वास बसवायचा तर आधी यंत्रणा पक्की पाहिजे, हे मी कायम सांगत आलोय.

सोमवार, २५ नोव्हेंबर

दोन दिवस लिहिता आलं नाही. आजही टाळलं असतं. पण लिहितो, जसं झालं तसं.

शनिवारी सगळं ठरल्यासारखं झालं. हवा स्वच्छ, समुद्र शांत. ऋता शेजारी बसली, डोक्याला माझी टोपी, हात त्या लाल दोरीजवळ. लाझरसला नांगर टाकला. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी. ऋता दोनदा खळखळून हसली. मला वाटलं, जिंकलं.

जेवण झाल्यावर गार्गी पोहायला उतरली. दोनच्या सुमाराला लाल दिवा पेटला. मला इतका आनंद झाला! आता ऋताला दाखवायचं होतं की मोठी बॅटरी गेली तरी राखीव बॅटरी कशी एका फटक्यात उठते. मी मागे वळून पाण्याकडे नजर टाकली. कुणी दिसलं नाही. मला वाटलं, गार्गी किनाऱ्यावर गेली. ती बोटीच्या मागे, शिडीशी होती. इंजिनाच्या आड.

किल्ली फिरवली. इंजिन उठलं, एका फटक्यात. मी गियरच्या दांड्यावर हात ठेवला आणि शाबासकी घ्यायला ऋताकडे बघितलं.

ऋताचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या. ती ओरडत होती. माझ्या खांद्याला टेकून बसलेली बायको जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि मला इंजिनाच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तिने दोरी खेचली. इंजिन मेलं. माझा हात दांड्यावर तसाच. अजून एक इंच पुढे गेला असता तर पंखा फिरला असता आणि गार्गीचे पाय त्या पंख्यापासून दोन हातांवर होते.

गार्गी शिडीवरून वर आली. ओठ पांढरे. म्हणाली, "बाबा, आय कॉल यू फाइव्ह टाइम्स. यू टर्न, यू लुक, देन यू स्टार्ट." आणि मग लहानपणी रडायची तशी रडायला लागली.

ऋताने तिला टॉवेलात गुंडाळलं. मग माझ्याकडे आली, माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला, म्हणजे मी तिच्या तोंडाकडेच बघीन असा. म्हणाली, "मला समुद्राची भीती नाही, सुबोध. ऑगस्टमध्येही नव्हती. मी हाक मारते आणि तू हसून 'हो' म्हणतोस, त्याची मला भीती वाटते. तुला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. मी सांगून थकले आणि सांगितलेलंही तुला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, मग तू का आलीस?

"तू बोट सोडणार नव्हतास. गार्गी तुझ्याबरोबर येणार होतीच. मग कुणीतरी शेजारी बसायला नको?"

परत येताना बोट मी चालवली, पण ऋता हाताने दाखवत होती, आणि मी फक्त तिच्या हाताकडे बघत होतो. तोवर मी असं समजत होतो की मी तिला सांभाळून नेतोय.

शनिवार, ३० नोव्हेंबर

ही वही पहिल्यापासून वाचली. वाचवत नाही. तो ऑस्ट्रेलियन गृहस्थ बिचारा भोंगा बंद कर म्हणून सांगत होता आणि मी त्याला टाटा करत होतो. दिलीप-साधना दारात. ऑफिसातली पोरं. आणि दंडावरचा तो हात. मी इथे फुशारकीने लिहून ठेवलंय की मी भाग्यवान आहे. ती बाई घरभर चालत माझ्यासमोर येत होती, कारण पाठीमागून मारलेली हाक वाया जायची. दिवसाला किती वेळा? तीन वर्षं?

आधी लाज वाटली. मग वाटलं, भाग्यवान हे लिहिलंय ते खोडायची गरज नाही. फक्त कारण चुकलं होतं.

दुपारी मरिनात गेलो. अंकल बूनना म्हटलं, तो बिघडलेला भोंगा दाखवा. ते हसले. भोंगा एकच. पहिल्या दिवसापासून तोच. नेला, पुसला, आणून परत लावला.

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी टोपी काढली. दोन्ही कानांत यंत्रं. इतके महिने टोपीखाली होती. त्यांचं बोलणं मी इथे जसंच्या तसं मराठीत उतरवतो: "तुझ्या बायकोने तुला सांगितलं. तू ऐकलं नाहीस. मग मी कोण? मीही सात वर्षं म्हणत होतो, जग हळू बोलायला लागलंय. माझी बायको मला सांगत राहिली. ती गेली, मग मी यंत्रं घेतली." आणि टोपी घालून दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीत उतरले.

या माणसाने माझा अपमान होऊ दिला नाही, माझ्याशी खोटंही बोलला नाही. 'रिंगिंग' म्हणाला, आणि रिंगिंगच होतं. मला ऐकू येत नाही तर दिसेल तरी, म्हणून दिवा लावला. ऋताच्या हाती दोरी दिली. त्या दोरीमुळे माझी मुलगी धड आहे. मी अठरा वर्षं संकटाची तयारी करण्याचा पगार घेतोय, आणि खरी तयारी या दोघांनी मला न दुखावता धक्क्यावर उभं राहून केली.

ऑगस्टचा कागद दुरुस्त करतो. मूळ कारण: मी. बॅटरी निर्दोष.

गुरुवार, ५ डिसेंबर

नोव्हेना. ऋता रजा घेऊन बरोबर आली.

काचेची खोली, जाड दार. कानावर हेडफोन, हातात बटण. तपासणाऱ्या बाईंनी लिहून दाखवलं: आवाज आला की दाबा, कितीही बारीक असो. काचेपलीकडे त्या यंत्रापाशी बसल्या, त्यांच्या मागे खुर्चीत ऋता.

सुरुवातीला घुमल्यासारखे जाडे आवाज आले. दाबलं. आले, दाबलं. मग थांबलं. मला वाटलं, दुसरा भाग लावतायत. मी मुकाट बसलो. बटणावर अंगठा तयार ठेवून, परीक्षेत पेपर यायची वाट बघावी तसा. ऑफिसचा विचार केला, बोटीचा केला. बाई काहीतरी फिरवत होत्या. एकदा ऋताकडे बघून हसलो. ऋता हसली नाही. तिने तोंडावर हात ठेवला होता.

दार उघडलं तेव्हा मी विचारलं, "पुढचं कधी सुरू करताय?"

बाईंनी कागद दाखवला. पुढचं सगळं होऊन गेलं होतं. मी स्वस्थ बसलो होतो त्या आठ मिनिटांत. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, या पट्ट्यात भोंगे असतात, बेल असते, पक्षी. आणि थोडं अलीकडे, म्हणाल्या, बायकांची आणि मुलांची बोलणी.

खाली कॉफी घेतली. मी ऋताची माफी मागितली, शब्दांत, नीट. ती म्हणाली, "कॉफी पी, गार होतेय."

मंगळवार, १७ डिसेंबर

यंत्रं काल मिळाली. दोन, तुरीच्या शेंगेएवढी. पहिल्या दिवशी डोकं उठलं. पंखा खरखरतो, पिशवी कडकडते, माझ्याच चपला आवाज करतात. एमआरटीत स्टेशनाचं नाव इतकं स्वच्छ ऐकू आलं की शेजारच्या माणसाकडे बघून हसलो. त्याने जागा बदलली.

ऑफिसात पोरांना सांगितलं, चॅटचा नियम रद्द, बोला. आणि चार महिने माझ्यामुळे लिहावं लागलं म्हणून सॉरी म्हणालो. पोरं गोड आहेत.

संध्याकाळी जेवणं झाली. मी टेबलापाशी वर्तमानपत्र वाचत होतो, ऋता स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, माझ्याकडे पाठ. नळ चालू. कुणीतरी बोललं. हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, उत्तराची अपेक्षाच नसल्यासारखं. हा आवाज मी ओळखत होतो, पण कुठला ते क्षणभर लक्षात येईना. लग्नाआधी ती अशी बोलायची. नंतरही बोलत असणार, इतकी वर्षं, त्या ओट्याशी, तिथे उभी राहून.

ती म्हणाली होती, "रविवारी जायचं का परत लाझरसला."

मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हटलं, "जाऊ की. श्रीखंड मी आणतो."

तिचे हात थांबले. नळ तसाच वाहत होता. ती बराच वेळ वळली नाही, आणि मीही तिला वळ म्हणालो नाही.